त्रेचाळीस

औषधाच्या दुकानातली पोरगी म्हणाली,
पाकीट फोडलेलं आहे, परत घेता येत नाही.
साठ बाय नव्वदचे, खालून निळे पॅड,
मोजले तर त्रेचाळीस.
ऑक्टोबरात आईने मागे ठेवलेली एवढीच इस्टेट,
आणि एक शिवणयंत्र, पट्टा तुटलेलं.

मग भाची आली. ओव्हरकोटातून
हे काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.
यॉर्कशायर. वजन सव्वा किलो,
अर्धे केस, अर्धा थरथराट.
"एकटी राहू नकोस मावशी," म्हणाली
आणि चारच्या ट्रामने गेली.
नाव ठेवलं गुझिक. आमच्याकडे गुंडीला म्हणतात.
वूचच्या कापडगिरणीत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला
दुसरं काय सुचणार.

गुंडी पहिल्या रात्री सात वेळा मुतली.

पुस्तकात लिहिलंय: मूत्राशय अक्रोडाएवढं.
झोपून उठलं की, खाल्लं की, खेळलं की,
आणि उगाचच, दर दोन तासांनी.
हे सांगायला मला पुस्तक कशाला हवं.
ड्रॉवरमधून तीच वही काढली,
आईची पानं संपतात तिथून पुढे रेघा मारल्या.
वेळ. कुठे. किती.
एका पॅडचे चार केले, कात्री अजून सरळ चालते.
२.१०, पॅडवर.
४.००, पॅडच्या काठावर.
५.३५, माझ्या सपातेत.

चौथा मजला, लिफ्ट नाही, अठ्ठ्याहत्तर पायऱ्या.
बाहेर उणे अकरा.
कोटाच्या आत छातीशी धरून उतरते,
खाली ठेवते; बर्फ त्याच्या पोटाला टेकतो.
तो एक पाय उचलतो, मग दुसरा,
मग चारही एकदम उचलता येतील का याचा विचार करतो,
आणि माझ्याकडे बघतो,
म्हातारीचं डोकं फिरलंय अशा नजरेने.
वीस मिनिटं. काही नाही.
परत अठ्ठ्याहत्तर.
दार उघडून कोट काढायच्या आत
गालिच्यावर, निवांत, डोळे मिटून.

त्या दिवशी मी ओरडले.
मागांच्या खडखडाटावर ओरडायचे, तशी.

त्यानंतर दोन दिवस वही कोरडी.
वाटलं, शिकला.
मग वास आला. सोफ्यामागे,
भिंत आणि हीटर यांच्या फटीत,
हात जेमतेम जातो तिथे.
पुस्तकात होतं हे, पान एकतीस:
ओरडलात तर करायचं थांबत नाही,
तुमच्यासमोर करायचं थांबतं.

मी तिथेच बसले, हातात व्हिनेगरचं फडकं.
याच हीटरमागे मार्चमध्ये
आईचा गाऊन सापडला होता,
नीट घडी घातलेला,
कॉलर वर, बाह्या आत, ओला.
सत्त्याऐंशी वर्षांची बाई.
आदल्या रात्री मी म्हटलं होतं: परत?
एवढंच. एकच शब्द.
कसा म्हटला होता ते मला ठाऊक आहे.

आता पॅड रोज वीतभर दाराकडे सरकवते.
नेमकं जागेवर झालं की तीन मोजायच्या आत कौतुक,
गोड आवाजात, आणि सॉसेजचा अर्ध्या वाटाण्याएवढा तुकडा.
सॉसेज सोपं होतं. आवाज जमेना.
आमच्या घरात कौतुक
लग्नात आणि मयताला करायचं असतं.
न्हाणीघरात आरशासमोर सराव केला:
शाबास, गुझिक. शाबास.

परवा पहाटे, पाच वीस,
कचऱ्याच्या पेट्यांपाशी, दिव्याच्या खांबाखाली
तो तीनदा गोल फिरला
आणि बसला.
बर्फात एक पिवळं भोक पडलं, काजाएवढं,
त्यातून वाफ आली.
टाळ्या वाजवल्या, पण हातमोज्यांचा आवाजच होईना,
म्हणून ओरडले, शाबास रे माझ्या राजा!
दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली,
बनियनवर रोमुआल्द:
"कोणाला मुलगा झाला का, बोगना?"
नाही, म्हटलं, मुतला.
"बरं," म्हणाला, आणि खिडकी लावली.

पॅड अजून नऊ आहेत.
वहीत लिहिलं: ५.२०, बाहेर.
मग मागची पानं उलटली.
मार्च. ३.१५, चादर, गाऊन.
वेळ, कुठे, किती;
चौथा रकाना मी आखलाच नव्हता.

तेवढ्यात तो दाराशी जाऊन उभा राहिला.
खरंच जायचंय, की सॉसेज हवंय,
हे अजून आम्हा दोघांनाही कळत नाही.
कोट घातला.